पोर्तो ते सांतियागो, सवडीसवडीने: किनारी कामिनोवरील सोयींचे परीक्षण

पायी यात्रेत माणसाला काय मिळते याचे परीक्षण करता येत नाही. परंतु रात्री पाठ टेकायला मिळणारी खाट, फाट्यावर दिसणारी खूण, नदी ओलांडून देणारी होडी आणि यात्रेच्या अखेरीस कचेरीतून हाती पडणारा कागद या सेवाच आहेत, आणि त्यांचे बरेवाईट लिहून ठेवले तर मागून येणाऱ्याचे पैसे आणि पाय दोन्ही वाचतात. पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या कॅथेड्रलपासून स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत अटलांटिकच्या काठाने जाणारा, सुमारे २८० किलोमीटरचा पोर्तुगीज कामिनोचा (कामिनो म्हणजे संत जेम्स, स्पॅनिशमध्ये सांतियागो, या संताच्या कॅथेड्रलकडे जाणारी पायी यात्रेची वाट) किनारी मार्ग मी आणि माझ्या वन्सं सलग न चालता, रजा आणि पैसा जमेल तसे टप्पे पाडून चाललो. आमच्या फोंडा-म्हार्दोळ भागातील बरेच जण त्याविषयी विचारत असतात, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात कुठल्यातरी प्रवास कंपनीचे रंगीत पत्रक असते. म्हणून माझे मत आरंभीच नोंदवते: तोडून तोडून चालणाऱ्याची या मार्गावर इतकी चांगली सोय आहे, आणि ती इतकी स्वस्त आहे, की तीच सोय काढून घेणारे पॅकेज वर पैसे मोजून विकत घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

गोव्यातल्या माणसाला पायी यात्रा नवी नाही. पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंड्या इथूनही निघतात, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून अनवाणी येणारे भाविक जुन्या गोव्याच्या रस्त्यावर दर वर्षी दिसतात. दिंडीत मुक्काम, जेवण आणि सामानाचा ट्रक यांची व्यवस्था दुसरे कोणीतरी पाहते. चालणाऱ्याने अभंग म्हणत पाऊल टाकायचे असते. पण त्या व्यवस्थेला तिथी बांधलेली असते, आणि मध्येच घरी परतावे लागले तर त्या वर्षीची वारी तिथेच राहते. वन्संनी पंढरीची वारी केलेली असल्यामुळे त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. कामिनोवर तिथी नाही, वीणेकरी नाही, ठरलेला विसावा नाही. जो तो आपापला निघतो, आपापला थांबतो आणि पुढच्या वर्षी परत आला तरी कोणी त्याला जाब विचारत नाही. हिशेब राहतो तो फक्त एका कागदावर.

तो कागद म्हणजे क्रेदेन्सियाल, घड्या घालून खिशात ठेवण्याजोगा यात्रेकरूचा दाखला. पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये तो अगदी थोड्या युरोंत मिळतो, आणि पुढे मुक्कामाच्या जागी, चर्चमध्ये, कॉफीच्या दुकानात, क्वचित एखाद्या पालिकेच्या कचेरीतही त्यावर तारखेसह शिक्का उमटत जातो. टप्प्यांत चालणाऱ्यांसाठी सांतियागोच्या यात्रेकरू कचेरीचा नियम सरळ आहे: टप्पे वाटेच्या आणि तारखांच्या क्रमाने झालेले असावेत, आणि नव्याने चालायला लागताना जिथून निघालो तिथला शिक्का तारखेसह घ्यावा. आम्ही विआना दो कास्तेलो या गावी थांबलो, घरी येऊन चतुर्थी केली, आणि पुढच्या खेपेस त्याच गावात शिक्का घेऊन चालू लागलो. कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. शेवटी मिळणाऱ्या 'कोम्पोस्तेला' या प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालणे आवश्यक असते, आणि त्या शेवटच्या अंतरात रोज निदान दोन शिक्के घ्यावे लागतात. एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा सगळा भार एका पातळ कागदावर ठेवला आहे हे मला मनापासून आवडले. मात्र शिक्क्यांची शाई पावसात पसरते, त्यामुळे तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, आणि घरी आल्यावर पासपोर्टच्या शेजारी ठेवावा.

टप्पे कुठे तोडावेत, याचे उत्तर नकाशापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकात अधिक नीट सापडते. पोर्तोच्या मेट्रोची एक मार्गिका थेट विला दो कोंदे आणि पोवोआ दे वार्झिं या किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत जाते, म्हणजे पहिले तीसेक किलोमीटर चालल्यानंतर कोणाच्या पायाला फोड आले तर तासाभरात तो पुन्हा शहरात पोहोचू शकतो. त्यापुढील एस्पोझेंदेला रेल्वे नाही, तिथे बसवर अवलंबून राहावे लागते. विआना दो कास्तेलो, विला प्राया दे आंकोरा आणि कामिन्या ही तिन्ही गावे मात्र मिन्योच्या रेल्वेमार्गावर आहेत, आणि पोर्तोहून स्पेनमधील विगोला जाणारी आंतरराष्ट्रीय गाडीही विआनाला थांबते. कामिन्याजवळ मिन्यो नदी ओलांडली की पलीकडे स्पेनमधील आ ग्वार्दा ते विगो या भागात रेल्वे नाही, बस आहे. विगोपासून पुढे पुन्हा रेदोंदेला, पोंतेवेद्रा, पाद्रोन आणि सांतियागो या सर्व ठिकाणी गाड्या थांबतात. फक्त विगोमध्ये ग्विशार आणि उर्साइस अशी दोन वेगळी स्थानके आहेत आणि आपली गाडी कोणत्या स्थानकावरून आहे हे तिकिटावर पाहूनच टॅक्सीत बसावे. दहा-बारा दिवसांची रजा काढून येणाऱ्या गोमंतकीय नोकरदाराने पोर्तो ते विआना किंवा कामिन्या हा एक टप्पा आणि तिथून सांतियागो हा दुसरा, असे दोन भाग केले तर त्याला कुठेही धावपळ करावी लागणार नाही. मला विचाराल तर विगोला तोडणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत नीरस आहे, कारण मग दुसऱ्या टप्प्यात समुद्र जवळजवळ उरतच नाही.

चालण्याच्या दृष्टीने पोर्तोपासूनचे पहिले दिवस सौम्य आहेत. मातोसिन्योसचा पूल ओलांडून लेसा दा पाल्मेरा येथील दीपस्तंभाजवळून पुढे गेले की वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी फळ्यांची पायवाट सुरू होते आणि ती कितीतरी किलोमीटर साथ देते. फळ्या वाळूतील वनस्पतींचे रक्षण करतात आणि चालणाऱ्याच्या गुडघ्यांचेही. वाऱ्यापासून मात्र त्या वाचवू शकत नाहीत. पोर्तुगालच्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा वाहतो त्याला तिथे नोर्तादा म्हणतात, आणि यात्रेकरू उत्तरेकडेच चालत असल्यामुळे दुपारनंतर तो सतत तोंडावर येतो. कुठल्याही पत्रकात हा वारा छापलेला मला आढळला नाही. सकाळी लवकर निघून दोन वाजेपर्यंत मुक्कामाला पोहोचणे हाच त्यावर उपाय आहे. विला दो कोंदेच्या धक्क्यावर सोळाव्या शतकातील नाऊ जातीच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. लिस्बनहून गोव्याला यायला ज्या जहाजांना सहा-सहा महिने लागत त्या जातीचे जहाज जवळून पाहताना त्याचा आटोपशीर आकारच जास्त आश्चर्यात टाकतो. विआनामध्ये प्रवेश होतो तो लिमा नदीवरील १८७८ सालच्या लोखंडी पुलावरून. तो आयफेलच्या कंपनीने बांधलेला आहे, खाली रेल्वे आणि वर रस्ता असा, आणि पादचाऱ्यासाठी ठेवलेली पट्टी इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आले तर पाठीवरची पिशवी घेऊन अंग चोरून उभे राहावे लागते.

वाटेची खरी तक्रार दगडी फरसबंदीची आहे. उत्तर पोर्तुगालमधील गावांतून ग्रॅनाइटचे चौकोनी दगड बसवलेले रस्ते लागतात, आणि त्यांवर दिवसभर चालल्याने तळवे ज्या प्रकारे दुखतात तसे डांबरावर किंवा मातीवर दुखत नाहीत. आपल्याकडे तयारी म्हणून अनेक जण वेळसांव ते मोबोर हा वाळूचा लांब किनारा चालतात. समुद्राची सवय त्याने होईल, दगडाची होणार नाही. त्यापेक्षा जाड तळव्याचे, वापरून पायाला सरावलेले बूट घेऊन फोंड्याहून जुन्या गोव्यापर्यंत काही रविवार चालावे. त्या वाटेवर बाणस्तारी लागते, आणि तिथल्या पोर्तुगीज किल्ल्याला सांतियागो या संताचेच नाव होते, हे चालणाऱ्याला ठाऊक असावे.

खुणांबाबत फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण त्या चांगल्या आहेत. पिवळा बाण दिसला की सांतियागोकडे. ही पद्धत १९८०च्या दशकात ओ सेब्रेइरोच्या एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी फ्रान्सकडून येणाऱ्या मार्गावर रूढ केली आणि आता सर्व मार्गांवर तीच चालते. पोर्तुगालमध्ये उलट दिशेला निळे बाण दिसतात, ते पोर्तुगालमधीलच फातिमा या ख्रिस्ती तीर्थाकडे जाणाऱ्यांसाठी आहेत. स्पेनच्या गालिसिया प्रांतात शिरल्यावर दगडी खांब सुरू होतात आणि त्यांवर उरलेले अंतर किलोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत कोरलेले असते, ज्याचा उपयोग मला शेवटपर्यंत कळला नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की 'किनारी' म्हणून अधिकृत असलेला मार्ग बऱ्याच ठिकाणी समुद्र सोडून आत निलगिरीच्या रानात आणि वस्त्यांत शिरतो, आणि अगदी पाण्याच्या कडेने जाणारा दुसरा पर्याय, ज्याला सेंदा लितोराल म्हणतात, त्यावर बाण विरळ आहेत. ज्याला समुद्र हवा त्याने फोनवरील नकाशा उघडा ठेवून दुसरा धरावा. समुद्र डाव्या हाताला असला की फारसे चुकण्याची भीती नसते.

निवासाची व्यवस्था हा या परीक्षणाचा गाभा आहे. यात्रेकरूंच्या साध्या निवासाला आल्बेर्गे म्हणतात, आणि त्याचे तीन प्रकार या मार्गावर भेटतात: चर्च किंवा स्थानिक संस्था चालवतात ती, ज्यांपैकी काही ठिकाणी ठरलेले भाडे नसून दानपेटी असते, गालिसियाचे प्रादेशिक सरकार चालवते ती, आणि खासगी. सरकारी निवासांत एका खाटेला १० युरोंच्या आसपास पडतात. तिथे आरक्षण होत नाही. दुपारी एकच्या सुमारास दार उघडते, येईल त्याला क्रमाने खाट मिळते, पायी येणाऱ्याला सायकलवाल्याच्या आधी जागा दिली जाते, रात्री दहाला दिवे आणि दार बंद होते, सकाळी आठपर्यंत बाहेर पडावे लागते आणि आजारपण सोडून दुसरी रात्र राहता येत नाही. उशी-गादीवर घालायला एकदा वापरून टाकायचे कापडासारखे अभ्रे मिळतात. स्वयंपाकघर असते, परंतु त्यात भांडी असतीलच याची खात्री नसते. हे सगळे वाचून एखाद्याला वसतिगृहाची शिस्त आठवेल आणि तो खासगी जागा धरेल. मला मात्र टप्प्यांत चालणाऱ्यासाठी हीच व्यवस्था सर्वांत अनुकूल वाटली, आणि त्याचे कारण आरक्षण नसण्यातच आहे. आज पाय दुखला म्हणून अलीकडच्या गावी थांबावे, उद्या वारा पडलेला आहे म्हणून पुढे जावे, परवा घरून फोन आला म्हणून गाडी पकडून परतावे, यांपैकी कशासाठीही कुठे आगाऊ भरलेले पैसे बुडत नाहीत.

रेदोंदेला येथील सरकारी निवास सोळाव्या शतकातील एका बुरूजवजा जुन्या वाड्यात आहे, आणि भर गावात असूनही आत शिरले की जाड दगडी भिंतींमुळे बाहेरचे काही ऐकू येत नाही. पाद्रोनचे निवास कार्मेनच्या मठाला लागून चढावर आहे. पोंतेवेद्राचे मोठे, स्वच्छ, रेल्वे स्थानकाजवळचे आणि पूर्ण निर्जीव. स्वच्छता तिन्ही ठिकाणी उत्तम होती. गैरसोय होती ती घोरणाऱ्यांची आणि न्हाणीघराच्या रांगेची, ज्याबद्दल सरकारला दोष देता येणार नाही. वन्संचे वय साठीच्या पुढचे असल्यामुळे त्यांना खालची खाट हवी असे. एकाही ठिकाणी ती नाकारली गेली नाही, आणि दोनदा तर आधी आलेल्या तरुण मुलांनी न सांगता आपली वळकटी वर नेली. दानपेटीच्या निवासांबद्दल एक विनंती करावीशी वाटते. तिथे 'यथाशक्ति' लिहिलेले असते, 'फुकट' नव्हे; सरकारी निवासाचे भाडे आपल्याला माहीत आहे, निदान तेवढे पेटीत टाकावे, कारण पाण्याचे आणि विजेचे बिल त्या पेटीतूनच भरले जाते.

खासगी निवासांत दर अधिक, पडदे, वैयक्तिक दिवा, कुलपाची पेटी आणि आरक्षण मिळते, आणि ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर सुटीची गर्दी असताना तेच शहाणपणाचे ठरते. एका अशा जागी, जिचे नाव मी मुद्दाम देत नाही, आगाऊ पैसे घेऊनही आमच्या खाटा दुपारी चारनंतर दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या, कारण चारपर्यंत पोहोचण्याची अट त्यांच्या संदेशाच्या तळाशी होती. पैसे परत मिळाले, परंतु त्या संध्याकाळी आणखी दोन किलोमीटर चालावे लागले. ज्या व्यवस्थेत आरक्षणाचा मुख्य लाभ निश्चितता हा असतो, तिथे ती निश्चितताच चार वाजता संपत असेल तर जादा पैसे कशासाठी, हा माझा प्रश्न कायम आहे.

कामिन्याला मिन्यो नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे स्पेन दिसतो. इथे वाहने नेणारी अधिकृत फेरी आहे, परंतु मुखाशी साचणाऱ्या गाळामुळे ती दीर्घकाळ बंद राहिलेली आहे, आणि तिच्यावर विसंबून कोणी बेत आखू नये. ओहोटीच्या वेळी केरी-तेरेखोल फेरीबोटीची काय गत होते हे पेडण्याच्या लोकांना सांगायला नको. तोच प्रकार इथे मोठ्या प्रमाणावर आहे. प्रत्यक्षात यात्रेकरूंना पलीकडे नेतात त्या छोट्या यांत्रिक होड्या, माणशी काही युरो घेऊन, आणि भरती, वारा व गिऱ्हाईक यांवर त्यांची वेळ ठरते. होडीवाला जाकीट घालायला लावतो, पिशव्या मधोमध रचतो आणि काही मिनिटांत पलीकडच्या वाळूवर उतरवतो. सेवा चोख, परंतु आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवून घ्यावी, आणि पलीकडे घड्याळ एक तासाने पुढे असते हे विसरू नये. समुद्र खवळलेला असेल तर नदीच्या काठाने वर सरकून विला नोवा दे सेर्वेरा येथील पूल ओलांडता येतो, किंवा वालेंसापर्यंत जाऊन तुईला पोर्तुगीज कामिनोचा आतून जाणारा मध्यवर्ती मार्ग धरता येतो. अर्थात मग किनारा सुटतो.

तो सुटू देऊ नये, कारण आ ग्वार्दा ते बायोना हा सुमारे तीस किलोमीटरचा पट्टा या संपूर्ण मार्गाचा सर्वोत्तम भाग आहे. डोंगर सरळ समुद्रात उतरतो आणि मध्ये जेमतेम एक रस्ता व एक पायवाट मावते. ओइया गावी बाराव्या शतकात स्थापन झालेला सिस्टर्सियन पंथाचा मठ अक्षरशः लाटांच्या तोंडाशी उभा आहे. एका दिवसात हे तीस किलोमीटर उरकणारे अनेक आहेत, आणि पॅकेजमध्येही बहुधा तसेच लिहिलेले असते. माझ्या मते ओइयाला किंवा त्याच्या आसपास एक मुक्काम घातल्याशिवाय या भागाला न्याय मिळत नाही. सिलेइरोच्या भूशिराला वळसा घातला की बायोना येते, जिथे १ मार्च १४९३ रोजी पिंता हे जहाज कोलंबसाच्या सफरीची वार्ता घेऊन पोहोचले होते. त्या जहाजाचीही प्रतिकृती बंदरात आहे. या पट्ट्यात काही अंतर वाहत्या रस्त्याच्या कडेने जावे लागते. वेगळी पट्टी आखलेली असली तरी सकाळच्या धुक्यात उजळ रंगाचे जाकीट अंगावर असावे.

विगोच्या पुढे मार्गाचे रूप पालटते. रेदोंदेलाला किनारी मार्ग मध्यवर्ती मार्गाला मिळतो, चालणाऱ्यांची संख्या एकदम वाढते, आणि आर्कादेला खाडीचे व तिथल्या कालवांचे दर्शन झाले की समुद्र संपतो. सांतियागोच्या कचेरीत २०२४ साली जवळपास पाच लाख यात्रेकरूंची नोंद झाली, त्यांतील ७० हजारांहून अधिक या किनारी मार्गाने आलेले होते. शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये ती संख्या डोळ्यांनी दिसते. ज्यांना किनाऱ्यासाठीच हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी पोंतेवेद्राहून डावीकडे फुटणारा, 'आध्यात्मिक पर्याय' या नावाचा फाटा धरावा, असे मी आवर्जून सुचवेन. तो कोंबारो आणि आर्मेंतेइरावरून विलानोवा दे आरोसाला पोहोचतो आणि तिथून होडीने खाडीतून वर पोंतेसेसुरेसपर्यंत जातो. संत जेम्सचा देह ज्या जलमार्गाने आणला गेला अशी आख्यायिका आहे तोच हा मार्ग. वाटेत क्रूस उभारलेले आहेत आणि शिणाण्यांच्या (एक प्रकारच्या शिंपल्यांच्या) शेतीचे लाकडी तराफे दूरवर पसरलेले दिसतात. होडी भरतीप्रमाणे सुटते, त्यामुळे इथे मात्र आगाऊ नोंदणी करावी. पुढे पाद्रोनच्या चर्चमध्ये वेदीखाली तो दगड दाखवतात, ज्याला ती नाव बांधली होती असे मानतात.

सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवण्याची सेवा दोन्ही देशांत आहे. स्पेनमध्ये खुद्द टपाल खाते ती चालवते, आणि एका पिशवीला एका टप्प्यासाठी काही युरो पडतात. सेवा वक्तशीर आहे, पण तिची एक अट पत्रकांत ठळकपणे लिहिलेली नसते: गालिसियाची सरकारी निवासे अशा प्रकारे आलेले सामान स्वीकारत नाहीत. म्हणजे पिशवी पाठवायची तर खासगी जागेचे आरक्षण हवे, आरक्षण केले की ठरलेल्या गावी पोहोचलेच पाहिजे, आणि मग जिथे वाटेल तिथे थांबण्याची मोकळीक गेली. पणजीतील एका प्रवास कंपनीने आमच्यापुढे ठेवलेले पॅकेज याच साखळीवर उभे होते. त्यातील दोन हॉटेले तर मार्गापासून इतकी दूर होती की टॅक्सीचा खर्च वेगळा दाखवला होता. ज्यांना पाठीच्या दुखण्यामुळे ओझे उचलता येत नाही त्यांना ही सेवा वरदान आहे. इतरांनी सहा-सात किलोंच्या आत पिशवी बसवावी.

खाण्यापिण्याबाबत मासे खाणाऱ्या गोमंतकीयाला तक्रारीला जागा नाही. मातोसिन्योसला रस्त्यावरच निखाऱ्यांवर तारले भाजतात. सोमवारी शिवराक पाळणाऱ्याने थोडी पूर्वतयारी ठेवावी: काल्दो वेर्दे हे बटाटा आणि पालेभाजीचे सूप शाकाहारी दिसते, परंतु त्यात चोरिसाची चकती टाकतात, ती नको असे आधीच सांगावे लागते. मक्याचा पाव, चीज, ऑम्लेट आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या यांवर दिवस निघतो. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण साडेआठ-नऊनंतर सुरू होते आणि निवासाचे दार दहाला बंद होते, म्हणून आम्ही मुख्य जेवण दुपारी घेत असू. पोर्तुगीज काळातील लायसियम या शाळेत शिकलेल्या माझ्या चुलत सासऱ्यांनी लिहून दिलेली पोर्तुगीज वाक्ये पोर्तुगालमध्ये तर उपयोगी पडलीच, गालिसियातही चालून गेली, कारण तिथली बोली त्या भाषेच्या अगदी जवळची आहे.

सांतियागोच्या यात्रेकरू कचेरीत संगणकावर माहिती भरून क्रमांक घ्यायचा असतो. क्रेदेन्सियालवरील शिक्के आणि तारखा तपासणारी व्यक्ती शांतपणे सगळी पाने पाहते. आमच्या शिक्क्यांमधील मोठ्या खंडाबद्दल तिने एकच प्रश्न विचारला आणि मान हलवली. यात्रेचा हेतू धार्मिक, आध्यात्मिक की अन्य, हेही विचारले जाते. हिंदूंना प्रमाणपत्र देतात का, अशी शंका इथे अनेकांना असते. हेतू आध्यात्मिक असल्याचे सांगितले तर लॅटिनमधील तेच कोम्पोस्तेला मिळते, आणि केवळ सहल म्हणून आलेल्यांना स्वागताचे वेगळे पत्र देतात. प्रमाणपत्र विनामूल्य आहे, चाललेल्या अंतराचा वेगळा दाखला हवा असल्यास ३ युरो पडतात. कॅथेड्रलमध्ये पाठीवरची मोठी पिशवी नेऊ देत नाहीत, ती आधी ठेवून यावे. प्रसिद्ध मोठे धूपपात्र रोज झुलवले जात नाही. ठराविक सणांना आणि कोणी देणगी दिली तरच ते हलते, तेव्हा त्यासाठी खोळंबून राहू नये.

टप्प्यांत चालणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला खरी अडचण व्हिसाची असते, कारण प्रत्येक खेपेस नव्याने अर्ज, बँकेचे कागद आणि विमा. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने यात सवलत दिली आहे: मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा तशीच राहते. ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करायचा असल्यामुळे पहिला टप्पा पोर्तुगालचा आणि पुढचा स्पेनचा, अशी वाटणी आपोआप होते. घरात पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांना यातले काहीच करावे लागत नाही. शाळेच्या सुटीमुळे आपल्याकडच्यांना मे सोयीचा असतो, आणि हवामानही तेव्हा चांगले असते. ऑक्टोबरपासून गालिसियात पावसाचा जोर वाढतो.

संत जेम्सचा दिवस, म्हणजे २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो ते वर्ष पवित्र वर्ष मानले जाते. मागचे २०२१ चे होते आणि महामारीमुळे ते २०२२ पर्यंत वाढवले गेले. पुढचे २०२७ चे आहे. त्या वर्षी आरक्षण नसलेल्या सरकारी निवासांत दुपारी दोननंतर खाट मिळण्याची आशा धरू नये. पवित्र वर्षातच उघडणारे कॅथेड्रलचे पवित्र द्वार ज्यांना ओलांडायचे आहे त्यांनी त्या वर्षी विगोपासूनचा भाग हिवाळ्याच्या शेवटी, छत्री आणि जाड मोजे घेऊन चालावा. बाकीच्यांनी २०२७ मध्ये पोर्तो ते कामिन्या एवढेच करावे, शिक्का घ्यावा आणि नदीपलीकडचा भाग २०२८ साठी ठेवावा.